चाळीस पत्त्यांचा वॉर्ड

आमची आत्या छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होती, त्यातली शेवटची चौदा वर्षं मेट्रन. निरोपसमारंभात लोक तिच्याबद्दल चांगलं-चांगलं बोलत होते, तेव्हा ती भाषणं ऐकायचं सोडून मागच्या रांगेतल्या खुर्च्या सरळ करत होती. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बत्तीस खाटा होत्या माझ्याकडे. तेहतिसावी कुठे टाकू?"

नात्यात तिचा दरारा मोठा. भले भले सर्जन तिच्यासमोर चपापायचे, तिथे आमची काय कथा! मी तिचा एकुलता एक भाचा, त्यामुळे माझ्यावर तिचा जीव. पण जीव लावायची तिची पद्धत अशी, की समोरच्याला ते कळायला दहा-बारा वर्षं जावी लागतात. मला ती लहानपणापासून ठोंब्या म्हणते. माझं लग्न ठरलं तेव्हा बायकोला बाजूला घेऊन तिने एकच गोष्ट सांगितली, "कानामागे बघत जा त्याच्या. धूत नाही."

सत्तरी गाठता गाठता तिचा गुडघा बदलावा लागला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे एकटीने राहायचं नाही. मग ती आमच्याकडे आली. तिसऱ्या दिवशी आमच्या फ्रिजच्या दारावर कामांचं वेळापत्रक लागलं. चौथ्या दिवशी पलंगावरच्या चादरी अशा ताणून बसवल्या गेल्या, की आत शिरायला माझी आणि बायकोची झटापट झाली. बायको मात्र खूश होती. नऊ वर्षं जे तिला जमलं नव्हतं ते आत्याने एका नजरेत केलं. मी बूट कपाटात ठेवायला लागलो.

आता माझ्याबद्दल थोडं. मी पाण्याचे मीटर तपासतो. आठवडाभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचायचे आणि कुत्र्यांशी वाटाघाटी करायच्या, हे माझं काम. शनिवारी दुपारी मात्र मी सेनापती असतो. आमच्या भागात वह्या-पेन्सिलींचं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत सहा टेबलं मांडलेली असतात आणि तिथे ड्रॅगन, चेटकिणी, राक्षस यांच्या पत्त्यांचा खेळ चालतो. मोठी माणसं येतात. लिफ्ट दुरुस्त करणारा येतो, दातांचा डॉक्टर येतो, दोन शिक्षिका येतात. दुकानदार स्वतः खेळतो आणि गिऱ्हाईक आलं की वैतागतो.

मी तिथे सात महिने जात होतो आणि सात महिने हरत होतो. सगळ्या खोलीत माझ्याइतका लोकप्रिय माणूस नव्हता. पहिली जोडी माझ्याशी लागली की समोरचा आनंदाने चहा मागवायचा.

एका रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर पत्ते पसरून बसलो होतो. आत्या वॉकर टेकत टेकत आली.

"हा काय पसारा?"

"खेळ आहे, आत्या. डेक बांधतोय."

"काय बांधतोयस?"

"डेक. म्हणजे पत्त्यांचा कॅट. यात कॅट आयता मिळत नाही. शेकडो पत्त्यांतून आपले चाळीस आपण निवडायचे."

"मग निवडून हरतोस का?"

"मी हरतो हे तुला कुणी सांगितलं?"

स्वयंपाकघरातून बायको खोकली.

आत्याने खुर्ची ओढली, पाय स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, "नियम सांग. थोडक्यात. राउंडला उभी आहे असं समज."

मी सांगितलं. दोन्ही खेळाडूंना वीस-वीस प्राण. आपली पाळी आली की कॅटमधून एक पत्ता ओढायचा आणि हातात असला तर एक स्फटिक मांडायचा. पहिल्या पाळीला एक स्फटिक, दुसऱ्या पाळीला दोन, असे ते वाढत जातात. जितके स्फटिक तितकी ताकद, आणि त्या ताकदीवर आपले प्राणी, योद्धे, चेटकिणी मैदानात उतरवायच्या. त्यांनी समोरच्याचे प्राण कमी करायचे. कामाला लावलेला पत्ता आडवा करायचा, पुढच्या पाळीला पुन्हा उभा. ज्याचे प्राण संपले तो हरला. ओढायला पत्ताच उरला नाही, तरीही हरला.

आत्याने एवढ्यातून एकच शब्द उचलला. "पाळी," ती म्हणाली. "म्हणजे पाळ्यांचंच काम आहे. मग कठीण काय त्यात?" तिने एक पत्ता उचलून डोळ्यांपासून लांब धरला. "हा कोण?"

"ड्रॅगन. सात स्फटिक लागतात त्याला."

"म्हणजे सातव्या पाळीच्या आधी येणार नाही. असे किती आहेत तुझ्याकडे?"

"अकरा," मी अभिमानाने म्हणालो.

"आणि पहिल्या पाळीला येणारे?"

"एक आहे. बेडूक."

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ठोंब्या," ती म्हणाली, "अकरा सर्जन आणि एक बेडूक! अरे, सर्जन उगवतो अकरा वाजता. सकाळी सातपासून वॉर्ड कोण बघतं? आया कुठे आहे? वॉर्डबॉय कुठे आहे? ड्रेसिंग कोण करणार, हा बेडूक? आणि स्फटिक किती?"

"नऊ."

"ऑक्सिजनचे सिलिंडर नऊ आणि सर्जन अकरा," ती छताकडे बघून म्हणाली. छतालाही ते पटलं असावं.

मग तिने कागद आणि पट्टी मागवली आणि माझ्या सेनेची ड्यूटी लावली. सोळा स्फटिक. एका स्फटिकात येणारे आठ जण, ते सकाळपाळीला. दोन स्फटिकांत येणारे सात, तीनमध्ये येणारे पाच. चारमध्ये येणारे दोन, ते मुकादम. आणि ड्रॅगन फक्त दोन.

"दोनच?" मी कळवळून म्हणालो.

"एक कामाला, एक रजेवर. बाकीच्यांना खासगी प्रॅक्टिस करू दे."

त्या शनिवारी मी जिंकलो. लिफ्टवाल्याचा पहिला राक्षस यायच्या आत माझ्या बुटक्यांनी आणि खारींनी त्याचे चौदा प्राण कुरतडले होते. तो पत्त्यांकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा. "तब्येत बरी आहे ना तुझी?" त्याने विचारलं. दुसऱ्या डावात मी दुकानदाराला हरवलं. तेव्हा तो गिऱ्हाइकाला पाव डझन खोडरबरं देऊन आला होता आणि त्याचं लक्ष नव्हतं, असं तो अजूनही सांगतो.

घरी येऊन मी आत्याला सगळं रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी येते. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी कुणाचं काही सांगत नाही."

ती आली ती इस्त्रीच्या साडीत, वॉकर सोडून काठीवर. दुकानदार पुढे झाला. "या, या आजी!"

"कुणाची आजी?"

दुकानदाराने मागे-पुढे पाहिलं. "नाही म्हणजे... काय म्हणू मग?"

"मेट्रन म्हण. आणि ती खिडकी उघड. इतकी माणसं एका खोलीत कोंडलीत, खोकला पसरेल."

खिडकी गेल्या चार वर्षांत उघडली नव्हती. तिघांनी मिळून उघडली.

आत्या टेबलाटेबलावरून फिरली. तिच्या चालण्याला राउंडची लय होती, त्यामुळे माणसं आपोआप सावरून बसू लागली. एका टेबलावर पत्ते आडवे दिसले, तर तिने खेळणाऱ्या शिक्षिकेला दटावलं, "हळू बोल गं, आडवे झालेत ते." शिक्षिका बिचारी खरंच हळू बोलायला लागली.

खरा प्रसंग तिसऱ्या टेबलावर घडला. लिफ्टवाल्याने 'पेटता बुटका' नावाचा पत्ता टाकला. हा बुटका स्वतःला पेटवून घेतो, समोरच्याचे तीन प्राण जातात आणि बुटका मरतो. स्वस्त आणि मस्त पत्ता, सगळे वापरतात.

"त्याला विचारलंस का?" आत्या म्हणाली.

"कुणाला?" लिफ्टवाला म्हणाला.

"त्या बुटक्याला."

"मेट्रन, तो पत्ता आहे."

"पत्ता असला म्हणून काय झालं? तोंड बघ त्याचं. घाबरलाय."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. चित्रकाराने बुटक्याचे डोळे खरोखरच मोठे काढले होते. लिफ्टवाल्याने त्या दिवशी उरलेले तिन्ही बुटके हातातच ठेवले आणि डाव घालवला.

परतताना आत्या म्हणाली, "मला माझा कॅट करायचाय. पण एक सांगून ठेवते. माझ्या वॉर्डात कुणी मरणार नाही. माझा नाही आणि समोरच्याचाही नाही."

"अगं, मग जिंकणार कशी?"

"ते माझं मी बघेन."

दुकानाच्या कोपऱ्यात एक खोकं होतं. त्यात लोकांनी नको म्हणून टाकलेले पत्ते असत. पुढचे दोन आठवडे आत्या त्या खोक्यात डोकं घालून बसली. बऱ्या करणाऱ्यांना तिथे कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे सगळे तिच्या वाट्याला आले. झाडपाल्याची वैदीण. झऱ्यावरची म्हातारी. नुसती ढाल धरून उभा राहणारा आणि दुसरं काहीच न करणारा एक लोहार. आणि एक अस्वल, ज्याच्या पंज्यात पट्टीची गुंडाळी होती. आत्याने अस्वलाकडे बराच वेळ पाहिलं. "पट्टी उलटी गुंडाळलीय," ती म्हणाली, "पण चेहरा शिकणाऱ्याचा आहे. घेऊन टाक."

सगळ्यात खाली तिला एक पत्ता सापडला. वापरून झालेले पत्ते पुन्हा पिसून कॅटमध्ये घालायचे, एवढंच त्याचं काम. त्यावर काहीतरी भारदस्त नाव होतं. आत्याने त्याला 'पुन्हा भरती' म्हटलं आणि असे तीन घेतले.

महिन्याअखेरीला दुकानातली स्पर्धा होती, त्या दिवशी सकाळपासूनच. सोळा खेळाडू, हरला तो बाद. आत्याच्या पहिल्या फेरीत एक शिक्षिका होती. तिने आत्याचे प्राण सहापर्यंत आणले, आत्याने ते वीसवर नेले. पुन्हा नऊवर आणले, आत्याने पुन्हा वीसवर नेले. दीड तासाने शिक्षिका पत्ते खाली ठेवून म्हणाली, "मेट्रन, तुम्हीच जिंकलात. मला भूक लागलीय." दुसऱ्या फेरीत लिफ्टवाला होता. तो आधीच गलितगात्र होऊन बसला. तिसऱ्या फेरीत दुकानदाराने दर पाच मिनिटांनी गिऱ्हाईक आल्याचं निमित्त केलं, आणि एकदा उठला तो आलाच नाही.

अंतिम सामना दातांच्या डॉक्टरशी. हा गडी सलग तीन वर्षांचा विजेता, ड्रॅगनांचा नादी. त्याच्याकडे असे ड्रॅगन होते की त्यांना सोनेरी कडा होत्या, आणि ते ठेवायला त्याने मखमलीचं अस्तर लावलेली पेटी करून घेतली होती. आत्या समोर येऊन बसली तशी त्याने शर्टाची वरची बटणं चाचपली. मला कारण नंतर कळलं. तीस वर्षांपूर्वी शिकाऊ असताना तो उघड्या ॲप्रनने आत्याच्या वॉर्डात शिरला होता आणि आत्याने त्याला बत्तीस खाटांसमोर एकेक बटण मोजत लावायला लावलं होतं.

"नमस्कार, सिस्टर," तो म्हणाला.

"पाठ सरळ," आत्या म्हणाली, आणि पत्ते पिसायला घेतले.

दुपारी एकला सुरू झालेला तो डाव मी जन्मात विसरणार नाही. सातव्या पाळीला पहिला ड्रॅगन आला. खोलीत 'आ' झालं. ड्रॅगनने फूत्कार टाकला, ढालवाल्या लोहाराने ढाल धरली, उरलेली जखम अस्वलाने बांधली. आठव्या पाळीला दुसरा ड्रॅगन. वैदिणीने पाला लावला. दहाव्या पाळीला डॉक्टरच्या बाजूला तीन ड्रॅगन उभे आणि आत्याच्या बाजूला अकरा सेवाभावी प्राणी. तिचे प्राण एकोणीस.

"सिस्टर, तुम्ही हल्ला का करत नाही?" डॉक्टर कपाळ पुसत म्हणाला.

"माझं काम ते नाही."

"मग डाव संपणार कसा?"

"तुझ्या वेळेला तू खेळ. चहा घेणार का?"

डॉक्टरकडे 'ज्ञानसागर' नावाचा पत्ता होता. तो टाकला की एकदम तीन पत्ते ओढायला मिळतात. आत्याचा तट फोडायला काहीतरी जबर हवं म्हणून त्याने तो टाकला. मग दुसरा टाकला.

"घे, घे," आत्या प्रेमाने म्हणाली. "भरपूर घे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डॉक्टरच्या कॅटकडे पाहिलं. बोटभर जाडीचा राहिला होता. आत्याने शांतपणे 'पुन्हा भरती' टाकला, आपले वापरलेले पत्ते पिसले आणि आपल्या कॅटमध्ये घातले. तिचा कॅट पुन्हा गुबगुबीत. लिफ्टवाल्यालाही उमगलं असावं, कारण त्याने माझा दंड घट्ट धरला. डॉक्टरला सोडून सगळ्या खोलीला कळलं होतं. तो बिचारा ड्रॅगनांच्या गडबडीत होता. त्याने तिसरा 'ज्ञानसागर' टाकला.

चार वाजून दहा मिनिटांनी त्याने पत्ता ओढायला हात पुढे केला आणि हाताखाली टेबल लागलं.

तो थोडा वेळ टेबल चाचपत राहिला.

"संपले," आत्या म्हणाली. "बघ, सगळे धडधाकट आहेत. तुझे ड्रॅगनही. त्यांना जरा पाणी दाखव आता."

खोलीत जो गलका झाला तो रस्त्यापलीकडच्या चांभाराने ऐकला, तो धावत आला. डॉक्टरने उठून आत्याशी हात मिळवला, पण त्याचा चेहरा चुकीचा दात उपटल्यासारखा झाला होता.

आनंद आठवडाभर टिकला. पुढच्या शनिवारी भिंतीवर नवा नियम लागला. कुठलाही डाव पन्नास मिनिटांत संपला पाहिजे, नाहीतर बरोबरी. खाली कुणाचं नाव नव्हतं, पण सगळे त्याला मेट्रननियमच म्हणत.

"पन्नास मिनिटांत साधा ताप उतरत नाही," आत्या म्हणाली. पण नियम म्हटल्यावर तिचा इलाज नव्हता. नियम मोडणाऱ्यांना तिने जन्मभर धारेवर धरलं होतं, आता स्वतः कशी मोडणार? त्या महिन्यात ती आठ डाव खेळली आणि आठही बरोबरीत सुटले. हरली नाही, जिंकली नाही. तोवर तिचा गुडघा बरा होऊन ती आपल्या घरी परतली होती, पण रोज सकाळी मला फोन करायची आणि म्हणायची, "काही सुचलं का?" मी पाण्याच्या मीटरशी वाकलेलो असायचो. मला काय सुचणार!

सुचलं तेही माझ्या चुकीतून. तिच्या घरी पत्ते दाखवताना माझ्या हातून एक पत्ता खाली पडला. 'वाऱ्याची लाट'. समोरच्याचा कुठलाही प्राणी उचलायचा आणि त्याच्या मालकाच्या हातात परत द्यायचा, मग मालकाने पुन्हा सगळे स्फटिक वापरून तो उतरवायचा.

"यात तो मरतो का?" आत्याने विचारलं.

"नाही. परत जातो नुसता."

"कुठे?"

"मालकाकडे. घरी म्हण."

आत्या उठून उभी राहिली. काठी न घेता. "अरे ठोंब्या, याला डिस्चार्ज म्हणतात!"

झालं. ड्रॅगन आला की त्याला डिस्चार्ज. राक्षस आला, डिस्चार्ज. मैदान मोकळं झालं की आपले छोटे छोटे कर्मचारी पुढे जाणार आणि समोरच्याचे प्राण एकेक करून कमी करणार. मात्र इथे गाडी अडली.

"आत्या, पण यात समोरच्या खेळाडूचे प्राण घ्यावे लागतात. तुझ्या तत्त्वाचं काय?"

ती विचारात पडली. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आमच्या दारात.

"विचार केला मी," ती म्हणाली. "समोरचा खेळाडू चांगला खाऊनपिऊन असतो. प्राण गेले म्हणतो आणि बिस्किट खातो. उठून आपल्या पायांनी घरी जातो. त्याला काय धाड भरलीय? माझी जबाबदारी पत्त्यांवरच्यांची. त्यांना कुणी नाही."

बायकोने मान डोलावली. मीही डोलावली. आमच्या घरात तत्त्वज्ञानावर तिच्याशी वाद घालणारा अजून जन्मायचाय.

नव्या कॅटने ती डाव पंचवीस मिनिटांत आटोपायला लागली. डिस्चार्ज देताना ती दर वेळी पत्ता मालकाच्या हातात ठेवून "आठवड्याने दाखवायला आणा" म्हणायची, आणि समोरचा माणूस नकळत "हो" म्हणायचा. शहराच्या मोठ्या स्पर्धेसाठी दुकानातून दोघांची निवड झाली, डॉक्टरची आणि आत्याची.

ती स्पर्धा एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. शंभरावर खेळाडू, लांबच लांब टेबलं, गळ्यात शिट्ट्या अडकवलेले पंच. डॉक्टर दुसऱ्याच फेरीत गारद झाला. आत्या एकामागून एक जिंकत गेली. तिच्याभोवती बघ्यांची गर्दी वाढत गेली आणि ती गर्दीला "मागे सरका, हवा येऊ द्या" म्हणत गेली. उपांत्य फेरीत तिच्यासमोर बस चालवणारी एक बाई आली. चाळिशीची, दणकट हातांची, पण घाबरून पार गारठलेली.

डाव अटीतटीचा झाला. शेवटी बसवालीकडे दोन प्राण उरले. तिच्या बाजूला एक अजस्र राक्षस आडवा होता, आदल्या पाळीला दमलेला. आत्याची तीन माणसं पुढच्या पाळीला चालून जाणार होती. तीन माणसं, तीन प्राण. खेळ खलास. बसवालीने पत्ता ओढला, राक्षस उभा केला, बघितलं, हातात काही नाही. राक्षसाला ढकललं, आत्याचे प्राण पाचवर आले. "झालं माझं," ती पुटपुटली.

मी मुठी आवळल्या. आता आत्याची पाळी.

"थांब," आत्या म्हणाली. "तुझं राहिलंय."

"काय?"

"तो झरा बघ तुझा. पाळीच्या सुरुवातीला त्याने दोन प्राण मिळतात. तू घेतले नाहीस."

बसवालीने झऱ्याच्या पत्त्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पंच खाली वाकला आणि म्हणाला, "विसरलं ते विसरलं. सुरुवातीला घ्यायचे होते. आता मिळणार नाहीत."

"का?" आत्या म्हणाली.

"नियम आहे, बाई."

"मेट्रन म्हणा. सकाळचं औषध राहिलं आणि दुपारी आठवलं, तर तुम्ही काय करता? पेशंटला सांगता का, विसरलं ते विसरलं?"

"पण त्यात तुमचं नुकसान आहे!" पंच गोंधळून म्हणाला.

"माझं काय ते मी बघते. तिचं औषध आधी द्या."

पंचाने दुसऱ्या पंचाला बोलावलं. दोघांनी नियमांची वही उघडली. तिसरा पंच आला. आत्याने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. शेवटी वहीत एक ओळ सापडली, की प्रतिस्पर्ध्याची हरकत नसेल तर राहिलेली गोष्ट लगेच पुरी करता येते. प्रतिस्पर्ध्याची हरकत तर नव्हतीच, उलट तीच हिरिरीने भांडत होती. बसवालीला दोन प्राण मिळाले. चार झाले. आत्याची तिन्ही माणसं गेली आणि एक प्राण उरला. मग बसवालीचा राक्षस उठला. आत्याच्या हातात डिस्चार्ज नव्हता. राक्षस आला आणि पाचही प्राण घेऊन गेला.

टॅक्सीत मी धुमसत होतो. "जिंकली होतीस तू, आत्या!"

"माहितीये मला."

"मग कशाला बोललीस?"

"मग काय, गप्प बसू? औषध राहिलं होतं तिचं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. दोन चौक गेले. मला वाटलं, तिला काही वाटलेलं नाही. तेवढ्यात तिने काठी टॅक्सीच्या तळावर अशी आपटली, की ड्रायव्हरने ब्रेक दाबला. "एक डिस्चार्ज जास्त ठेवायला हवा होता!" ती म्हणाली. "ठोंब्या, तू तरी सांगायचंस!"

ती बसवाली पुढच्या गुरुवारी आमच्या दुकानात हजर झाली, तेव्हा आत्या खोक्यातले पत्ते चाळत होती. हातात तिचा कॅट. "मेट्रन," ती म्हणाली, "मी अंतिम सामना हरले. माझ्या कॅटला काय झालंय, जरा बघाल का?" आत्याने तिला बसवलं, चाळीस पत्ते टेबलावर मांडायला लावले आणि विचारलं, "कधीपासून होतंय?"

तेव्हापासून आत्याची ओपीडी सुरू झाली. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच, दुकानाच्या मागच्या खोलीत. लोक दुसऱ्या गावांहून कॅट घेऊन येतात. आत्या प्रत्येकाचा केसपेपर काढते. कुणाला लिहून देते, "स्फटिकांची कमतरता, दोन वाढवणे." कुणाला, "राक्षसांचं अजीर्ण." एका तावातावाने बोलणाऱ्या माणसाच्या कागदावर तिने नुसतं "कॅट उत्तम, मालकाने झोप घ्यावी" एवढंच लिहिलं होतं. बसवाली तिची मदतनीस झालीय. ती पेशंटांना क्रमांक देते आणि मध्येच घुसणाऱ्याला बसच्या दारात अडवावं तसं अडवते.

दातांचा डॉक्टर बरेच महिने फिरकला नाही. मग एका गुरुवारी पाच वाजून पाच मिनिटांनी मखमलीची पेटी काखेत मारून आला. बसवालीने त्याला वेळ संपल्याचं सांगितलं. तो म्हणाला, मी स्वतः डॉक्टर आहे. ती म्हणाली, मग तर तुम्हाला कळायलाच हवं. पुढच्या गुरुवारी तो पावणेतीनला बाकावर बसून होता, पहिला क्रमांक.

आत्याने त्याचे सगळे पत्ते पाहिले. चौदा ड्रॅगन निघाले. तिने एकेक उचलून बाजूला ठेवला, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरने डोळे मिटून घेतले. नऊ काढल्यावर ती थांबली. त्यांच्या जागी तिने त्याला सहा बुटके, दोन खारी आणि एक लोहार लिहून दिला. डॉक्टरने कागद घेतला, आभार मानले. काढलेल्यातला एक सोनेरी कडांचा ड्रॅगन त्याने कुणी बघत नाही असं समजून खिशात टाकला. आत्याने बघितलं आणि पुढचा क्रमांक बोलावला.

त्या शनिवारी डॉक्टर तिन्ही डाव हरला. तावातावाने आत्याकडे आला आणि कागद पुढे धरला.

"पहिल्याच आठवड्यात गुण कसा येईल?" आत्या म्हणाली. "महिनाभर चालू ठेव. आणि त्या खारींना डावाच्या सुरुवातीला सोड, रिकाम्या पोटी."